नगरसेविकेचा महिन्याचा वृत्तांत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, त्यात काय काय घालू?

गल्लीतली_पोरगी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण वाचा शेवटपर्यंत. मी बेळगावातल्या वडगावची. आमच्या वॉर्डच्या नगरसेविका म्हणजे आमच्याच मागच्या गल्लीतल्या काकू, लहानपणापासून ओळखते, नाव आणि वॉर्ड नंबर मुद्दाम लिहीत नाही. निवडून आल्यावर त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि त्यात आजपर्यंत काय आलं तर सणाच्या शुभेच्छा, कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर आणि नारळ फोडतानाचे फोटो. तर परवा मारुतीच्या देवळात बायकांची बैठक होती पाण्यावरनं, सगळ्या तावातावानं बोलत होत्या आणि मधेच एका आजीनं विचारलं, काय गं, तिथं महापालिकेत खुर्चीवर बसतीस तेव्हा तू बोलतीस तरी काय, आम्हाला कधी कळणार? काकू गप्प. मग इकडं तिकडं बघितलं, मी दिसले, म्हणाल्या ही शिकलीय, हिला कन्नड पण वाचता येतं, दर महिन्याला ही लिहून ग्रुपवर घालेल. मला विचारलं पण नाही हो!!

आता त्यांनी एक पिशवी भरून कागद दिलेत. अजेंडा, मागच्या सभेचा वृत्तांत, दोन परिपत्रकं, सगळं कन्नडात. मला कन्नड येतं पण ते ऑफिसचं कन्नड वेगळंच असतंय, प्रत्येक विषयाच्या शेवटी "परिशीलिसलागुवुदु" नाहीतर "क्रम कैगोळ्ळलागुवुदु", म्हणजे बघू आणि करू. पंधरा विषय वाचले, पंधरा वेळा बघू-करू. ह्याच्यातनं लोकांना काय सांगू?

तर विचारायचं असं की १) तुमच्या नगरसेवकाकडनं महिन्याला एक पान आलं तर त्यात काय असलेलं तुम्ही खरंच वाचाल २) कुठली गोष्ट महापालिका ठरवते आणि कुठली सरकार हे मलाच नीट कळत नाही, कुणीतरी सोप्पं करून सांगा ३) मराठीतच लिहू की कन्नडात पण. शिव्या नकोत प्लीज, काकू माणूस म्हणून चांगल्या आहेत.

रविवारपेठ_वाला

आमच्या ओळखीच्या एका वॉर्डात गेल्या वर्षी पोस्ट फिरत होती, "आमच्या प्रयत्नांना यश, बी-खाता मिळणार", फोटो, हार, फटाक्यांची इमोजी. अरे बाबा बी-खाता म्हणजे बिनपरवाना जागेची मालमत्ता नोंद, ती अख्ख्या राज्याला दिली सरकारनं, फेब्रुवारी २०२५ पासून, बिदरपासून चामराजनगरपर्यंत सगळ्या गावातल्या बिनपरवाना लेआऊटवाल्यांना, त्यात तुझे प्रयत्न कुठले? आणि पहिल्यांदा दुप्पट घरपट्टी भरावी लागती हे त्या पोस्टमधे एका अक्षरानं नव्हतं. लोक हसत हसत कागद घेऊन गेले आणि आकडा बघून घामाघूम होऊन परत आले.

म्हणून माझं एकच मागणं, क्रेडिट घेणारं एक वाक्य दिसलं की मी ग्रुप म्यूट करणार. बाकी तुझी मर्जी.

टेबलामागचा_माणूस

पोरी, काम चांगलं आलंय अंगावर, कुरकुर करू नकोस. मी ३१ वर्षं नगरपालिकांत कारकुनी केली, कुठं कुठं ते सांगत नाही, आता रिटायर. असले वृत्तांत लिहून लिहून बोटं झिजली माझी, त्यामुळं "परिशीलिसलागुवुदु" च्या पापात माझा पण वाटा आहे.

तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो, तो कळला की पहिला आपोआप सुटतो. महापालिकेत काहीतरी "झालं" असं लोक म्हणतात ते वेगवेगळ्या चार जागी झालेलं असतं. सगळ्यात वर कायदा, तो विधानसौधात होतो, बेंगळुरात नाहीतर डिसेंबरात आपल्या हलग्याच्या सुवर्णसौधात, पण करणारी माणसं तीच. आपली महापालिका चालते कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ वर आणि त्यातला एक काना-मात्रा बदलायचा अधिकार आपल्या ५८ नगरसेवकांना नाही. त्याच्याखाली उपविधी, बायलॉज म्हणतात ते, त्याचा मसुदा सभागृह करू शकतं पण सरकारची मंजुरी आल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि ती फाईल बेंगळूरला गेली की तिकडंच मुक्कामाला राहती कधी कधी. मग ठराव, हा मात्र सभागृहाचा स्वतःचा, पण तोही सरकारला वाटलं तर स्थगित करता येतो, रद्द करता येतो. आणि शेवटी कमिशनरचा आदेश. कमिशनर सरकार नेमतं, आपण निवडत नाही, आणि पैसा, नोकरवर्ग, टेंडर, सह्या हे सगळं त्यांच्या टेबलावरनं जातं.

दुकानांच्या पाट्यांचं उदाहरण घे. ६० टक्के कन्नड आणि ते पाटीच्या वरच्या भागात, हा नियम २०२४ च्या दुरुस्तीनं आला, राज्याचा कायदा तो. महापालिकेची माणसं ट्रेड लायसन्सच्या जोरावर अंमल करायला येतात म्हणून दुकानदार नगरसेवकावर चिडतो, नगरसेवक म्हणतो मी बघतो, आणि तो काय बघणार? सभागृहात त्यावर मतदानच झालेलं नसतं. तुझ्या काकूंनी लिहावं की हा कायदा राज्याचा, मी विरोधात बोलले असेन किंवा बाजूनं, पण बदलायचा तर आमदाराला धरा. एवढं प्रामाणिक लिहिलं तरी निम्म्या लोकांचे हेलपाटे वाचतील.

आता "मंजूर" ह्या शब्दाबद्दल. हा शब्द तू वापरूच नकोस. गटारीचा विषय मांडला तरी मंजूर, ठराव झाला तरी मंजूर, इंजिनिअरनं अंदाजपत्रक केलं तरी मंजूर. खरं म्हणजे विषय मांडला, ठराव झाला, एस्टिमेट झालं, त्याला तांत्रिक मंजुरी, मग टेंडर, मग कुणीच टेंडर भरलं नाही म्हणून परत टेंडर, मग वर्क ऑर्डर, मग पावसाळा आला म्हणून थांबलं, मग काम, मग बिल अडकलं म्हणून अर्धवट काम. ह्यातल्या नेमक्या कुठल्या पायरीवर आहे आणि कुणाच्या टेबलावर आहे ते लिही. "गटार, दुसरी गल्ली: एस्टिमेट झालंय, टेंडर नाही, फाईल इंजिनिअरिंग सेक्शनला." एवढीच ओळ. महिनाभरानं तीच ओळ तशीच असली तर तशीच परत छाप. छापत राहा. एकच ओळ तीन महिने न बदलता आली की लोक स्वतःच जाऊन विचारतात, आणि टेबलामागच्या माणसाला त्याचीच भीती असती, हे मी अनुभवानं सांगतो.

अजून एक, चार स्थायी समित्या असतात. कर-अर्थ-अपील, आरोग्य-शिक्षण-सामाजिक न्याय, नगररचना-सुधारणा, आणि लेखा. मोठ्या सभेत भांडणं होतात ती पेपरात येतात, पण विषय खरा घडतो तो ह्या समित्यांत. काकू कुठल्या समितीत आहेत? असतील तर त्या समितीत काय झालं ते घाल, ते कुणीच घालत नाही.

गल्लीतली_पोरगी

@टेबलामागचा_माणूस काका खूप खूप आभार, मी हे सगळं वहीत उतरून घेतलं. काकू आरोग्य समितीत आहेत म्हणे, मला आत्ता विचारल्यावर कळलं!! आणि एक शंका, आमच्या गल्लीत लोक म्हणतात वित्त आयोगाचे पैसे आलेत मग रस्ता का करत नाही, ह्याला काय उत्तर?

टेबलामागचा_माणूस

विचारलंस ते बरं झालं. पंधराव्या वित्त आयोगाचे जे पैसे आपल्यासारख्या शहरांना ठरले, म्हणजे दहा लाखांच्या आतली वस्ती, त्यातले ६० टक्के बांधलेले, पिण्याचं पाणी आणि कचरा-स्वच्छता ह्यावरच खर्चायचे. रस्त्याला लावायचे म्हटलं तर उरलेल्यातनं. म्हणून "पैसे आहेत पण रस्ता नाही" हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पण ह्याचा आडोसा घेऊन सगळंच ढकलणारे पण असतात, ते वेगळं.

अक्का_शहापूरची

मी जास्त शिकलेली नाही पण बोलते. वॉर्डची बैठक कधी ठेवतात, सकाळी अकराला, वारी मंगळवार. आमच्याकडं घराघरात माग आहेत, वडगाव खासबागला पण तेच, माग बंद ठेवून बैठकीला कोण येणार गं? एक दिवस माग थांबला की मजुरी गेली. मग येतात कोण तर रिटायर झालेले चार पुरुष, तेच बोलतात, तेच ठरवतात, आणि मग लिहितात "नागरिकांच्या उपस्थितीत". कुठले नागरिक?

तुझ्या कागदावर सगळ्यात वर पुढची बैठक कधी कुठं ते लिही, आणि काकूला सांग रात्री आठला ठेव, जेवणाच्या आधी, आणि देवळातच ठेव, ऑफिसात बायका येत नाहीत.

दुसरं, कोण काय बोललं ते लिही. नाव नको, पण "तिसऱ्या गल्लीतल्या एका बाईनं विचारलं की कचऱ्याची गाडी वरच्या अंगाला का येत नाही, उत्तर मिळालं की गाडी मोठी आहे वळत नाही, लहान गाडी मागितली आहे." असं. आपण बोललेलं कागदावर आलं की पुढच्या वेळी चार बायका जास्त येतात. आमच्या बचत गटाच्या वहीत आम्ही असंच लिहितो, त्याला काही इंग्लिश लागत नाही.

आणि पाण्याचा वार. बाकी काही वाचलं नाही तरी पाण्याचा वार सगळ्या वाचतात.

रविवारपेठ_वाला

अक्का एक नंबर बोललात. पाण्याचा वार सगळ्यात वर घाला, खाली काय पण लिहा, लोक सगळं वाचतील 😀

सीमेवरचा_आण्णा

तिसऱ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून बोलतो. मराठीतच लिही. ह्यात विचारायचं काय आहे? १९५६ च्या केंद्राच्या निवेदनात स्पष्ट आहे की जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेत पण द्यायचे. आपण १५ टक्के आहोत काय? आपल्या नगरसेवकांना कन्नडात अजेंडा मिळतो, ठरावावर हात वर करायचा आणि बाहेर येऊन विचारायचं आता काय पास झालं. एके काळी ह्याच सभागृहात मराठीत भाषणं व्हायची. २००५ ला सीमाप्रश्नाचा ठराव केला म्हणून सरकारनं अख्खी महापालिका बरखास्त केली, तेव्हाचे नगरसेवक घरी गेले पण वाकले नाहीत. आता २०२१ ला काय झालं बघितलं, ५८ त महाराष्ट्र एकीकरण समितीचे चार. चार! पक्षाच्या चिन्हावर निवडणूक झाली आणि गल्लीगल्लीतली माणसं वाटून गेली.

तर मुद्दा असा की मराठीत एक कागद दर महिन्याला निघणं ही साधी गोष्ट नाही. बारीक चुका झाल्या तरी चालतील पण मराठीत काढ.

खासबागचा_विणकर

आण्णा तुमचा मान ठेवून सांगतो, माझ्या गल्लीत दहा घरं मराठी, आठ कन्नड देवांग, पाच उर्दू बोलणारी, माग सगळ्यांचे सारखेच बंद पडतात लाईट गेली की. मराठीत काढा, जरूर काढा, पण त्या पोरीला कन्नड येतंय तर मागच्या पानावर कन्नडात पण चार ओळी टाकल्या तर काय बिघडलं? पाण्याचा वार काय मराठी कन्नड बघून येतोय? हक्काचा मुद्दा सरकारशी मांडायचा, शेजाऱ्याशी नाही.

सीमेवरचा_आण्णा

मी कन्नड नको म्हटलेलं नाही. मराठी हवं म्हटलं. दोन्हीत फरक आहे तो बघा.

खासबागचा_विणकर

बघितला की. मग आपलं जमलं.

येळ्ळूररोड_शेतकरी

शहराच्या ग्रुपमधे शेतकऱ्यानं बोलावं का माहीत नाही पण वडगावचं नाव बघितलं म्हणून लिहितोय. बळ्ळारी नाला. दर पावसाळ्यात आमची भातं पाण्याखाली, वडगाव शहापूर अनगोळ येळ्ळूर सगळ्या शिवारात तेच. शहराचं सगळं पाणी, सांडपाणी धरून, त्या नाल्यात आणि नाला गाळानं आणि जलपर्णीनं भरलेला. साफ कुणी करायचं म्हणून विचारायला गेलो की महापालिकेत सांगतात पाटबंधारे, तिकडं गेलो की शहराच्या हद्दीतलं महापालिकेचं, आणि पंचायत म्हणती आमच्याकडं पैसे नाहीत. पाय दुखायला लागले राव.

तर तुमच्या नगरसेविकेनं त्या कागदावर एक गोष्ट करावी, एक छोटा नकाशा नाहीतर चार ओळी, नाल्याचा इथपासून इथपर्यंतचा भाग कुणाचा, पुढचा कुणाचा. आणि मे महिन्याच्या आत कुठला भाग साफ झाला. जूनमधे साफ करून काय उपयोग, रोहिणीला पेरणी होती आमची आणि मृगाला पाणी शिरतंय.

टेबलामागचा_माणूस

@येळ्ळूररोड_शेतकरी बरोबर जागी बोललात. हद्द हा शब्द सरकारी नोकराचा सगळ्यात लाडका शब्द. पोरी, ह्यांचं नक्की घाल, आणि नाला साफ झाला म्हणून लिहिताना गाळ काढून काठावर टाकला की उचलून नेला तेही बघून लिही, काठावर टाकलेला गाळ पहिल्या पावसात परत आत.

माहितीवाला_मास्तर

मी ह्या वॉर्ड सभांच्या मागं बरीच वर्षं लागलोय म्हणून थोडं. वॉर्ड कमिटी ही नगरसेवकाची मेहेरबानी नव्हे. घटनेच्या २४३ एस कलमात ३ लाखाच्या वर वस्ती असलेल्या शहरांना वॉर्ड कमिट्या सांगितल्यात, बेळगाव २०११ च्या जनगणनेत ४ लाख ८८ हजार, म्हणजे आपण त्यात बसतो. कर्नाटकानं महानगरपालिका कायद्यात ते घातलं आणि २०१६ मधे नियम केले. नगरसेवक अध्यक्ष, आणि दहा सदस्य, त्यात कमीत कमी तीन महिला, दोन अनुसूचित जाती-जमातीचे, दोन रहिवासी संघटनांचे. तर काकूंना विचार की तुमच्या वॉर्डची कमिटी कागदावर आहे का, दहा माणसं कोण, त्यांची नावं त्या पानावर येऊ देत. देवळातल्या बायकांच्या बैठकीचं महत्त्व कमी नाही, उलट तीच खरी, पण कमिटीच्या इतिवृत्ताला जे वजन आहे ते तिला नाही. देवळात ठरलेलं कमिटीत नेऊन लिहून घ्यायचं, मग ते कायद्याच्या भाषेत "सूचना" होते.

आणि एखादा विषय अडकलाच तर माहिती अधिकार. १० रुपये फी. पण कर्नाटकात एक मेख आहे जी पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला माहीत नसते, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. मी पहिला अर्ज चार पानांचा लिहिला होता, रस्ता, गटार, दिवे, कुत्री सगळं एकत्र. तसाच परत आला. आता एक दिवा, एक अर्ज.

आणखी एक गंमत, लोकांना नगरसेवकांची पाच वर्षं कधीपासून मोजायची तेच माहीत नसतं. आपल्याकडं मतदान झालं ३ सप्टेंबर २०२१ ला आणि महापौर निवडला गेला ६ फेब्रुवारी २०२३ ला. सतरा महिने ५८ माणसं निवडून आलेली पण सभागृह नाही. मुदत घटनेप्रमाणं पहिल्या सभेपासून मोजतात, मतदानापासून नाही. म्हणून "पाच वर्षं झाली की आता" असं म्हणून कुणी भांडत असेल तर थांबव.

रविवारपेठ_वाला

सतरा महिने!! आणि त्या सतरा महिन्यातले पण वाढदिवसाचे बॅनर बघितलेत आम्ही चौकात 😂

अक्का_शहापूरची

घरपट्टीचं पण घाल गं. एप्रिलमधे भरली की पाच टक्के सूट असती, जुलैपासून महिन्याला दोन टक्के दंड चढतो, हे आमच्यातल्या निम्म्या बायकांना माहीतच नाही, पुरुष विसरतात आणि मग डिसेंबरात कपाळावर हात. मार्चच्या कागदात मोठ्या अक्षरात.

टिळकवाडी_आयटीपोरगा

एक सजेशन, गुगल शीट कर, कॉलममधे विषय, तारीख, पायरी, टेबल, आणि लिंक ग्रुपवर. दर महिन्याला कलर बदलायचा, लाल पिवळा हिरवा. अर्ध्या तासाचं काम.

अक्का_शहापूरची

बाळा शीट म्हणजे काय ते आधी देवळातल्या आजीला समजाव, मग कर.

टिळकवाडी_आयटीपोरगा

😅 बरं. मागं एक शीट ठेव पण तुझ्यापुरती, नाहीतर सहा महिन्यानं कुठली ओळ कधीपासून अडकलीय ते तुलाच कळणार नाही. लोकांना साधा मेसेज.

खड्डे_ते_चित्ररथ

कुणी खरं बोलत नाही म्हणून मी बोलतो. बेळगावात खड्डे बुजायच्या तारखा दोन, शिवजयंतीच्या चित्ररथाच्या आधी आणि गणपती यायच्या आधी. मिरवणूक ज्या रस्त्यानं जाती तो रस्ता बुजतो, बाजूची गल्ली तशीच. मी तर काकूंना सांगेन मिरवणुकीचा मार्गच आमच्या गल्लीतनं काढा. (मस्करी. पण अर्धीच.)

आणि ते पाईपलाईनचं खोदकाम. चोवीस तास पाण्याच्या योजनेचं काम महापालिकेचं नाही, केयूआयडीएफसी ह्या राज्याच्या महामंडळाच्या प्रकल्पाखाली कंपनीनं घेतलंय. खोदलेला चर बुजवून वर डांबर कोण घालणार, कंपनी की महापालिका, हे गल्लीगल्लीत वेगवेगळं ऐकायला मिळतं. तुमच्या वॉर्डात किती गल्ल्या खोदल्या, किती पूर्ववत केल्या, एवढे दोन आकडे दर महिन्याला द्या. बाकी राकसकोप धरणात पाणी किती आहे ते पेपरात येतंच.

गल्लीतली_पोरगी

सगळ्यांचे आभार, मी विचार केला नव्हता एवढी उत्तरं येतील. आण्णा आणि विणकर दादा, मराठी पुढच्या पानावर, मागं कन्नडात थोडक्यात, काकू पण हो म्हणाल्या. काल रात्री काकूंच्याकडं बसून कागद वाचले. पंधरा विषयातले आमच्या वॉर्डशी संबंध असलेले तीनच निघाले, बाकी शहराचे. आणि एक गोष्ट घडली ती सांगते. एका विषयावर काकूंनी हात वर केला होता पण तो कशाबद्दल होता ते त्यांना आठवेना. मी वाचून दाखवलं तर म्हणाल्या अगं हे असं होतं होय, मला वाटलं दुसरंच. आम्ही दोघी पाच मिनिटं गप्प. मग त्या म्हणाल्या पुढच्या वेळी सभेच्या आधी अजेंडा तुझ्याकडं आणते, तू आधी वाचून सांग. हे कागदावर घालू नकोस म्हणाल्या, इथं सांगायला हरकत नाही म्हणाल्या कारण इथं नाव नाही.

पहिला मसुदा खाली टाकतेय, फोडून काढा:

"वॉर्डच्या समस्त नागरिकांना नमस्कार.
पाणी: ह्या महिन्यात वरच्या तीन गल्ल्यांना आठव्या दिवशी, खालच्या गल्ल्यांना सहाव्या दिवशी आलं. वरच्या अंगाला प्रेशर कमी, जलवाहिनीची तपासणी मागितली आहे, अजून कुणी आलेलं नाही.
गटार, दुसरी गल्ली: एस्टिमेट झालंय. टेंडर नाही. फाईल इंजिनिअरिंग सेक्शनला.
कचरा गाडी: लहान गाडी आरोग्य समितीत मागितली. उत्तर 'बघू'.
खोदकाम: चार गल्ल्या खोदल्या, एक पूर्ववत केली.
नाला: वॉर्डच्या हद्दीतला भाग कुठून कुठपर्यंत ते लेखी विचारलं आहे. उत्तर आलं की इथं देऊ.
दुकानाच्या पाट्या: हा नियम राज्याच्या कायद्याचा आहे, महापालिकेनं केलेला नाही. तक्रार असेल तर आमदारांकडं.
वॉर्ड कमिटी: दहा सदस्यांची यादी मागितली आहे.
पुढची बैठक: येत्या शनिवारी रात्री आठ, मारुतीचं देऊळ. माग बंद झाल्यावर या."

टेबलामागचा_माणूस

नव्वद मार्क. दहा कापले कारण "मागितली" तीन ठिकाणी आहे आणि कुठल्या तारखेला मागितली ते नाही. तारीख घाल. मागितलेल्याला तारीख नसली की ती मागणी नसती, गप्पा असतात. आणि अर्ज दिला असला तर आवक नंबर.

सीमेवरचा_आण्णा

चांगलं आहे. "समस्त" काढ, लग्नपत्रिका वाटते.

येळ्ळूररोड_शेतकरी

नाल्याचं घातलंस, बरं वाटलं. उत्तर आलं की मला पण कळव, इथंच.

अक्का_शहापूरची

जलवाहिनी कशाला, पाईप लिही की.

गल्लीतली_पोरगी

समस्त काढलं, पाईप केलं, तारखा घातल्या, आवक नंबर एकाचाच सापडला तो घातला, बाकी दोन अर्ज काकूंनी तोंडीच सांगितले होते म्हणे, ते आज लिहून नेऊन देतायत. ग्रुपवर टाकलं. सत्तावीस जणांनी अंगठा दाखवला, तिघांनी विचारलं पाणी उद्या येणार काय. आणि ज्या आजींनी सुरुवात केली त्यांच्याकडं साधा फोन आहे, त्यांना ग्रुपच दिसत नाही, त्या म्हणाल्या मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देवळाच्या खांबाला लाव. आता झेरॉक्सवाल्याकडं चाललेय.